वस्तरा कोणाच्या हाती होता?

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकांच्या नायिकांचे नाव एकच आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर पडली. पहिल्या पुस्तकातली यमुना विधवा होते, दुसऱ्यातलीही होते. पहिलीला नवऱ्याने जवळ बसवून विचार करायला शिकवलेले असते, दुसरीलाही. दोघींमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या तेहतीस वर्षांत मराठी गद्य एका मोठ्या प्रश्नाशी झगडत होते : गोष्टीतला संघर्ष नेमका कोणाशी असतो? शाळा-कॉलेजच्या परीक्षेत हा प्रश्न ‘कादंबरीतील मध्यवर्ती संघर्ष स्पष्ट करा’ अशा गुळगुळीत वाक्यात येतो आणि त्याचे उत्तर ‘व्यक्ती विरुद्ध समाज’ अशा तितक्याच गुळगुळीत वाक्यात जाते. ते उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. समाज कधी कोणाच्या दारात येऊन उभा राहत नाही. येतात ती माणसे, आणि बहुतेक वेळा घरचीच.

माझे म्हणणे असे की मराठी कादंबरीला पात्र आणि संघर्ष यांचा जो खास घाट सापडला, तो विधवेच्या प्रश्नातून, त्यातही केशवपनाच्या रूढीतून सापडला. या रूढीत क्रूरता करणारा हात परका नसे. जिने लहानपणी वेणी घातली तीच बाई कधी कधी त्या दिवशी मागे उभी असे. दुष्टाशी लढणे सोपे, कारण त्याच्यावर रागावता येते. आपल्यावर जीव असलेल्यांशी कसे लढायचे, हा पेच होता. तो पेच कायद्याला पेलला नाही, शास्त्रार्थाला पेलला नाही. कादंबरीला तो उशिरा का होईना पेलला, आणि तिथून पुढे आपल्या कथासाहित्याची तीच वाट झाली.

रूढीचे स्वरूप आधी नीट पाहू. नवरा वारला की कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या जात; ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही उच्चवर्णीय घरांत डोईचे केसही जात, आणि एकदाच नव्हे, वाढले की पुन्हा, मरेपर्यंत. अंगावर लाल आलवण येई. समर्थनाला काशीखंडातला आधार दाखवला जाई : विधवेने वेणी बांधली तर परलोकी नवरा बांधला जातो. या समजुतीची आगरकरांनी ‘सुधारका’तून निर्दय चिकित्सा केली. पण रूढी केवळ श्लोकावर उभी नव्हती. सकेशा विधवेच्या हातचे पाणी देवकार्याला चालत नसे. वपन झालेली बाई मात्र ‘सोवळी’ ठरे, म्हणजे चार वाजता उठून सोवळ्यातला स्वयंपाक करायला, पापड-लोणची घालायला, बाळंतिणीचे आणि आजाऱ्याचे करायला मोकळी. पवित्र ठरण्याची किंमत अशी होती की त्या पावित्र्याने घरातल्या सगळ्यात कष्टाच्या कामावर तिचा जन्मभराचा हक्क बसे. हा हिशेब कोणी तोंडाने बोलत नसे. बोलले जाई ते तिच्या भल्याचे : लोक नावे ठेवतील, तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही, निदान देवाधर्मात तरी मान राहू दे.

कायदा या ठिकाणी पोचलाच नाही. १८५६ च्या पंधराव्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली आणि अशा विवाहाची संतती औरस ठरवली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने, पुन्हा लग्न करताच मृत पतीच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपेल असेही सांगून टाकले. केशवपनाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. शास्त्रार्थाचेही तसेच. विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाची चळवळ पेटवली, १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर दोन्ही पक्षांचा वाद झाला, पराशराच्या वचनाचा कीस काढला गेला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. त्या सबंध वादात पोथीतली विधवा होती, घरातली नव्हती. तिला काय वाटते हा प्रश्न वादाच्या नियमांतच बसत नव्हता.

पदमनजींना तो प्रश्न विचारावासा वाटला, हे त्यांचे मोठेपण. ते मूळचे बेळगावचे, कासार घराण्यातले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवा भेटतात, आपली हकीकत सांगतात. पुस्तकाचे उपशीर्षकच हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे, आणि निरूपण हा शब्द त्याला चपखल बसतो. भेटणारी प्रत्येक स्त्री साक्षीदार आहे : येते, जबानी देते, जाते. तिच्या मनात दोन बाजू नाहीत. जिचे डोके भादरले गेले तिला आपल्या घरच्यांबद्दल त्याच वेळी मायाही वाटत असेल, ही शक्यता लेखकाला सुचत नाही किंवा परवडत नाही. अखेरीस विनायक वारतो, यमुनेवरच वैधव्य येते, आणि ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुन्हा विवाह करते. उत्तर मिळते आणि गोष्ट संपते. ‘हे तर प्रचारपत्रक, याला कादंबरी का म्हणायचे?’ असा आक्षेप जुना आहे. मला तो अर्धाच पटतो. घरगुती मराठीत, अद्भुताचा आधार न घेता, समकालीन माणसे दाखवणारे लांब गद्य पदमनजींनी प्रथम लिहिले, हे नाकारता येत नाही. उणीव आहे ती प्रचारात नाही, सुटकेत आहे. घराबाहेर दुसरे घर तयार ठेवले की पहिल्या घराशी झगडण्याचे कारणच उरत नाही.

मधल्या काळात मराठी कथा भलत्याच गावी गेली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत राजपुत्र, हरवणे-सापडणे, योगायोग यांची रेलचेल. खलपुरुष काळाकुट्ट, नायिका गोरीपान, संघर्ष म्हणजे संकटांची माळ. त्यांच्यावर फार रेंगाळण्यासारखे काही नाही; पण एक गंमत नोंदवावीशी वाटते. आपण या वाङ्मयप्रकाराला नाव दिले ते बाणभट्टाच्या नायिकेचे. सातव्या शतकातल्या त्या ‘कादंबरी’त महाश्वेता आणि कादंबरी दोघींचे प्रियकर मरतात आणि दोघांनाही पुन्हा जीव मिळतो, वाट पाहणे फळाला येते. त्याच ग्रंथात, मेलेल्यामागे मरण्याची रीत किती व्यर्थ आहे, हे चंद्रापीड महाश्वेतेला सुनावतो. ज्या ग्रंथावरून नाव उचलले, त्यातच वियोगिनीला जगण्याचा सल्ला होता. मराठी कादंबरीला मात्र जो नवरा परत येणार नाही त्याच्या बायकोची गोष्ट सांगायची होती.

ती कशी सांगायची याचे सगळ्यात बोलके उदाहरण एका खऱ्या घरात घडून गेले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुनर्विवाहाच्या चळवळीतले आघाडीचे नाव. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. आता हा मुलगा विधवेशी लग्न करणार या धास्तीने वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी ठरवली. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, विद्वान, सरकारी अधिकारी. नकार दिला तर वडिलांशी नाते तुटणार होते. त्यांनी लग्न केले. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे, आणि त्यांनीच १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींमध्ये ही हकीकत कसलीही कडवटपणाची छटा न आणता लिहून ठेवली. या प्रसंगावरून रानड्यांना भित्रे ठरवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण कथेच्या अंगाने पाहिले तर भित्रेपणा हा शब्द फार आखूड पडतो. शंकराचार्यांच्या पक्षाला तोंड द्यायला जो माणूस डरला नाही, तो वडिलांच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे हरला. विरोधक कुठे राहतो, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

हरिभाऊ आपट्यांनी नेमके इथे बोट ठेवले. त्यांची जागाही विलक्षण होती. काकांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्कृत ग्रंथ छापणारी संस्था उभारली आणि तिचा कारभार हरिभाऊंनी पाहिला. एका हाताने जुने शास्त्रग्रंथ शुद्ध करून छापायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच शास्त्राच्या नावाने काय चालते ते लिहायचे, असा हा दुहेरी संसार. ‘करमणूक’ हे साप्ताहिक त्यांनी १८९० मध्ये काढले. नावात करमणूक आणि पहिल्या वर्षापासून आत यमूची, म्हणजे या दुसऱ्या यमुनेची, गोष्ट : हा विरोधाभास मला तरी हेतुपूर्वक वाटतो. निबंध ओसरीवर वाचला जाई, साप्ताहिकातली गोष्ट माजघरात शिरे. ज्यांच्याबद्दल लिहिले होते तीच माणसे पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट पाहत होती. शिवाय गोष्ट सांगते ती स्वतः यमू, प्रथमपुरुषी, बायकांच्या रोजच्या बोलीत. युक्तिवाद करणाऱ्या निबंधाला प्रतियुक्तिवाद करता येतो. आपल्या लहानपणीची भातुकली, आईचे बोलणे, सासरचा पहिला दिवस सांगणाऱ्या मुलीचे बोलणे कसे खोडून काढायचे?

आणि यमू सांगते काय? पानेच्या पाने काही ‘घडत’ नाही. तापट वडील, त्यांच्या धाकात वावरणारी सोशिक आई, जीव लावणारा दादा, मैत्रीण दुर्गी आणि तिच्या वाट्याला आलेला नादान नवरा, सासरचे टोमणे, नवऱ्याने चोरून शिकवलेली अक्षरे. आई वारल्यावर वडिलांचे दुसरे लग्न किती सहज होते, यावर यमू भाषण करत नाही. ते होते, एवढेच सांगते, आणि पुढे तिच्यावर वैधव्य आल्यावर वाचकाला ते आपोआप आठवते. मांडणीचा हा संयम पदमनजींजवळ नव्हता. नवऱ्याबरोबरच्या, म्हणजे रघुनाथरावांबरोबरच्या, मुंबईतल्या बिऱ्हाडाची प्रकरणे आली की हवा बदलते : नवराबायको एकत्र बोलतात, बसतात, वाचतात, ओळखीची जोडपी येतात-जातात. हा मुंबईचा भाग सुधारकी स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल. असेल. पण त्याचे काम पुढच्या पडझडीला उंची देणे हे आहे, आणि ते काम तो चोख करतो. रघुनाथराव जातात, यमू पुन्हा त्याच घराच्या ताब्यात येते, आणि अखेर शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे जबरदस्तीने केशवपन होते.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. शंकरमामंजी हा चांगला ठसठशीत खलपुरुष आहे : बाहेर टिळे-माळा, आत लबाडी. मग संघर्ष जिवलगांशी आहे हे म्हणणे कसे टिकते? टिकते, कारण मामंजींचा वाटा शेवटच्या घावापुरता आहे. त्यांच्यासारखा माणूस प्रत्येक गावात असतो. प्रश्न हा की त्याच्या हाती इतके सामर्थ्य कोण देते. वडिलांचा अधिकार, मोठ्यांपुढे न बोलण्याचे संस्कार, यमूच्या स्वतःच्या मनातली भीड, ‘घरातले घरात’ ही सवय, या सगळ्यांनी मिळून तिला आधीच एकटी करून ठेवलेली असते, आणि हे करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे तिच्यासाठी रडणारी आहेत. शिकलेला, प्रेमळ भाऊ असूनही ते टळत नाही. मामंजींना कादंबरीतून काढून टाका. प्रसंग थोडा लांबेल, थोडा सौम्य होईल, पण होईलच. असे ज्याच्याबद्दल म्हणता येते त्याला मध्यवर्ती संघर्षातला प्रतिपक्ष कसे म्हणावे? माझ्या मते तर मामंजींना इतके काळे रंगवण्यात हरिभाऊंचे थोडे चुकलेच. वाचकाला रागवायला एक सोयीचा माणूस मिळाला, आणि सोयीचा राग आपल्या घराकडे वळत नाही.

वस्तरा धरणाऱ्याबद्दल मात्र कादंबरी गप्प आहे. तो येतो आणि काम करून जातो. ज्या १८९० साली ‘करमणुकी’त यमूची गोष्ट सुरू झाली, त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरले. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी, धंद्याच्या बाजूने रूढीची नाकेबंदी करण्याची कल्पना संघटना जाणणाऱ्या माणसालाच सुचणार. शास्त्र्यांना जे विचारायचे सुचले नाही ते या सभेने विचारले : हे काम ज्याच्या हातून करवून घेता त्याची तयारी आहे का? या संपाने रूढी थांबली असा दावा कोणी करू नये. पण पांढरपेशा कादंबरीने ज्याला हत्यारासारखे वापरले, त्या माणसाला स्वतःचे मन होते, याचा हा सार्वजनिक पुरावा आहे. हरिभाऊंच्या कथेतली सगळ्यात मोठी रिकामी जागा ती हीच, आणि मराठीत ती भरायला अनेक दशके जावी लागली.

जातीचा आक्षेप इथूनच निघतो. केशवपन ही मूठभर जातींची रूढी. कुणबी, माळी आणि इतर कितीतरी जातींत विधवेचा पाट किंवा मोहतूर, म्हणजे पुनर्विवाह, लावण्याची रीत होतीच. मग एका आळीच्या दुःखाला सबंध मराठी कादंबरीचे उगमस्थान म्हणायचे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो पुढेही न्यायला हवा. १८५६ च्या कायद्यातले मालमत्ता गमावण्याचे कलम, ज्या जातींत पाटाची रीत पूर्वापार होती त्यांनाही लागू आहे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. म्हणजे एका वर्गाला मोकळे करणाऱ्या कायद्याने दुसऱ्यांच्या वहिवाटीला दंड बसवला. उलट बाजूने, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी, आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. केशवपनाने विधवा ‘सुरक्षित’ होते या दाव्याचे उत्तर त्या गृहाच्या असण्यातच होते. माझा दावा दुःखाच्या श्रेणीचा नाही, कथनाच्या रीतीचा आहे. छपाई, साप्ताहिक, वाचायला सवड असलेला वर्ग हे सारे त्या काळी ज्या आळीत होते, तिथे कादंबरी जन्मली, आणि त्या आळीच्या दाराआड जे चालले होते त्यातून ती संघर्ष रंगवायला शिकली. दुसऱ्या आळीत जन्मती तर तिचा घाट वेगळा झाला असता, हे मान्यच.

तिसरा आक्षेप आवाजाचा. यमू बोलते, पण लिहिणारा पुरुष आहे. या आक्षेपाला १८८२ सालचे एक पुस्तक साक्ष आहे : बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले, आणि ताराबाईंनी त्याला उत्तर लिहिले. बायकोवर पातिव्रत्याचा भार आणि नवरा मोकळा, बायको मेली की याला दुसरी, तो मेला की तिचे विद्रूपीकरण, हे सगळे त्या टोमण्यांनी, शिव्याशापांनी, हसत-फटकारत सांगतात. फुल्यांनी ‘सत्सारा’त त्यांची बाजू घेतली, बाकी शांतता पसरली, आणि पुस्तक पुन्हा उजेडात आले ते थेट १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांच्या प्रयत्नाने. ताराबाईंच्या शेजारी यमूला ठेवले की यमू फार मऊ वाटते. ती विचारते, पण मान खाली घालून. तिचे निर्दोष असणे लेखकाला आवश्यक वाटले, कारण वाचकाची करुणा निर्दोष बाईलाच मिळते असा त्याचा अंदाज होता. अंदाज व्यवहारी होता, पण कलेच्या दृष्टीने तोट्याचा. संतापी, चुकणारी, नव्या माणसाची ओढ वाटणारी विधवा नायिका हरिभाऊंनी या कादंबरीत येऊ दिली नाही, आणि तिचा पुनर्विवाहही लावला नाही.

या न-लावण्यावरही दोन बाजूंनी टीका होते : सुधारक म्हणतात धैर्य कमी पडले, कलावादी म्हणतात निदान तेवढा तरी प्रचार टळला. कादंबरी पुस्तकरूप झाली त्याच १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केले. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. म्हणजे वास्तव कादंबरीच्या पुढे गेलेच होते. पण त्या लग्नानंतर कर्व्यांच्या गावी, मुरुडला, काय झाले ते पाहावे. गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि ते घरी उतरले तर आई-भावालाही वाळीत टाकू अशी तंबी दिली. शिक्षा बंडखोराला नव्हती, त्याच्यावर जीव असणाऱ्यांना होती. माया हीच ओलीस धरायची, ही रूढीची खरी युक्ती, आणि पुनर्विवाहाने शेवट केला असता तर हीच युक्ती झाकली गेली असती. म्हणून हरिभाऊंनी गोष्ट जिथे सोडली तिथे सोडण्यात मला भित्रेपणा दिसत नाही. पदमनजींनी दिलेले उत्तर त्यांनी काढून घेतले, आणि प्रश्न वाचकाच्या घरी ठेवून दिला.

नंतर विधवा हळूहळू कादंबरीच्या मध्यावरून सरकली, घाट मात्र राहिला. वामन मल्हारांच्या ‘रागिणी’त (१९१५) पात्रे प्रश्नांची चर्चा करू लागली, फडके-खांडेकरांच्या काळात प्रेमत्रिकोण आणि ध्येयवाद आले, आणि १९३१ च्या ‘प्रतिभासाधना’तून फडक्यांनी कथानक, पात्रे, गुंतागुंत यांचे तंत्र इतके नीटनेटके शिकवले की विद्यार्थ्यांना संघर्ष म्हणजे नायकापुढची अडचण वाटू लागली. त्या नेटकेपणाला धक्का दिला तो विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३). हे नाव घेणाऱ्या मालतीबाई या धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या : विधवांसाठी निघालेल्या आश्रमाने प्रौढ कुमारिकांची लेखिका दिली. त्या कथांतल्या मुली शिकतात, कमावतात, आणि त्यांच्या पगारावर चालणारे घर त्यांच्या लग्नाचा विषय लांबवत राहते. इथे वस्तरा नाही, शंकरमामंजी नाहीत. आईबाप चांगले आहेत, थकलेले आहेत, त्यांना मुलीची गरज आहे. हरिभाऊंनी खलपुरुषाच्या आधाराने जे दाखवले ते शिरूरकरांनी त्याच्याशिवाय दाखवले, म्हणून त्यांच्यावर अधिक चिडले गेले. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिक दारिद्र्याशी झुंजते, पण रोजची झटापट नाकर्त्या आणि पुढे रोगाने खचलेल्या नवऱ्याशी, ज्याला ती टाकू शकत नाही. आणि ‘कोसला’ (१९६३)! नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर यमूचा वारसदार म्हटला तर भुवया उंचावतील. पण तोही प्रथमपुरुषी, तोही बोलल्यासारखे लिहितो, त्याच्याही आयुष्यात खलपुरुष म्हणावा असा कोणी नाही; आहेत ते पैसे पाठवणारे वडील, ज्यांच्याशी त्याचे जन्माचे भांडण आहे आणि ज्यांच्या घरी तो शेवटी परततो. बहिणीच्या, मनीच्या, मरणाने तो जसा कोसळतो तसे पुण्यातल्या कुठल्याच अपयशाने कोसळत नाही. घराबाहेरचे हरणे त्याला सोसते, घरातले सोसत नाही.

घाट राहिला तशी रूढीही राहिली, वस्तरा सोडून. केशवपन गेले, कोणत्या वर्षी गेले हे सांगता येणार नाही, कारण ते ठरावाने गेले नाही, एकेका घरात कोणीतरी ‘आपल्या हिचे नको’ म्हटल्याने गेले. बाकीचे उरले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत, असे त्या ठरावात लिहिले आहे.